ठोंबरेबाईंची राजकन्या

ठोंबरेबाईंनी उभ्या आयुष्यात एकही राक्षस काळा रंगवला नाही. राक्षस मात्र भरपूर काढले. स्नेहसंमेलनाच्या पडद्यांवर, वर्गांच्या भिंतींवर, फळ्यावर, पोरांच्या वह्यांच्या मागच्या पानांवर. आमच्या खालापूर तालुक्यात इतके राक्षस दुसऱ्या कुणी जन्माला घातले नसतील. पण एक श्रीखंडी, दुसरा मोरपिशी, तिसरा भिजवलेल्या पोह्यांच्या रंगाचा. एकदा मुख्याध्यापकांनी न राहवून विचारलं, "बाई, राक्षस असा श्रीखंडासारखा? पोरांना भीती कशी वाटायची?"

बाईंनी ब्रश पदराला पुसला. "सर, आजवर तुमाला ज्यांनी ज्यांनी त्रास दिला, त्यातले काळे किती हुते?"

मुख्याध्यापक विचारात पडले आणि बराच वेळ तिथेच पडून राहिले. त्याच आठवड्यात तपासणीला एक साहेब येऊन गेले होते आणि ते चांगले गोरेपान होते.

परवा शेजारची छोटी माझ्याकडे रंगखडू मागायला आली. "काका, स्किन कलर आहे?" तिला हवा होता तो फिकट गुलाबीसर खडू, ज्या रंगाचं माणूस आमच्या अख्ख्या गल्लीत नाही. मला बाई आठवल्या, आणि त्या आठवल्या की मला दोन गोष्टी एकदमच होतात. हसू येतं आणि लाज वाटते. हसू कशाचं ते आधी सांगतो. लाज कशाची ते सांगायला थोडा वेळ लागेल.

बाई आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि मी मराठी. त्या मूळच्या कर्जतजवळच्या भातशेतीवाल्या गावातल्या. लग्नानंतर कर्जतला राहायच्या आणि रोज एसटीने यायच्या. बांधा ठेंगणा, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा. डी.एड. झाल्या, कलाशिक्षकाचा डिप्लोमा झाला, तीस वर्षं नोकरी झाली, पण बोलणं घरचंच ठेवलं. नव्या शिक्षिका वर्गात पुस्तकी बोलायच्या आणि स्टाफरूममध्ये मोकळ्या व्हायच्या. बाई दोन्हीकडे सारख्या. तपासणीच्या साहेबांनाही त्यांनी "बसा, च्या घ्या, मग बगा काय बगायचं ते" असंच सांगितलं होतं.

त्यांच्यासमोर नुसतं 'लाल' म्हणण्याची सोय नव्हती. "कुठला लाल?" हा प्रश्न ठरलेला. शेंदरी, डाळिंबी, विटकरी, कुंकवाचा, मिरचीचा? शिपायाला फाटक लाल रंगवायला सांगितलं होतं, तर बाईंनी त्याला सहा लाल सांगून असं गोंधळवलं की तो शेवटी हिरवा डबा घेऊन आला. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता आणि त्यात कर्जतच्या शिंपीणबाईकडून आणलेल्या कापडाच्या चिंध्या. ब्लाउजपीस कापून उरलेले बोटबोटभर तुकडे. आमसुली, अंजिरी, चिंतामणी, अबोली. वर्गात रंग शिकवताना पेटी नंतर उघडायची, डबा आधी. पोरी चिंधी बघून सांगायच्या, "बाई, ह्यो माझ्या मावशीच्या साडीचा." बाई म्हणायच्या, "मग मावशी कशी हाय? हसरी का रागीट?" आणि रंग शिकवणं तिथून सुरू व्हायचं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या तासाला त्यांचा एक कार्यक्रम असायचा. सगळ्यांनी आपापल्या खडूपेट्या उघडायच्या. तो फिकट गुलाबी खडू वर धरायचा.

"ह्यो कंचा रं?"

"स्किन कलर!" सगळा वर्ग एका सुरात.

"कुणाची स्किन?"

पोरं एकमेकांकडे बघायची. मग एखादा धीट पोरगा म्हणायचा, "टीव्हीतल्यांची."

"मग टीव्हीवाले आले की देऊ त्यांना." बाई सगळे खडू गोळा करून एका डब्यात टाकायच्या. वर्षभर तो डबा टेबलावर उघडाच असायचा. खडू घ्यायला मनाई नव्हती, फक्त माणसाला लावायचा नाही. पोरांनी त्या रंगाचे उंदीर काढले, डुकरं काढली, सूर्य मावळवले, आणि राक्षशिणीच्या जिभा रंगवल्या. पालकसभेत एका वडिलांनी तक्रार केली की बाई महागाच्या पेटीतला खडू काढून घेतात. बाईंनी त्यांना मुलाचं चित्र दाखवलं. चित्रात आई होती, बाबा होते, आणि दोघंही बटाट्याच्या सालीच्या रंगाचे होते. वडिलांनी चित्राकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेस काढलंय." विषय तिथेच संपला.

मी मुलांसाठी गोष्टी लिहायचो. म्हणजे लिहितो अजून. राजे, राजकन्या, बोलणारे पक्षी, असं सगळं. लिहून झाली की बाईंना वाचून दाखवायची माझी पद्धत होती, कारण गोष्टीला चित्रं त्याच काढत आणि ती चित्रं आम्ही वर्गाबाहेरच्या फलकावर लावत असू. वाचून झालं की मला वाटायचं, आता म्हणतील भाषा सुंदर आहे. बाईंचा पहिला प्रश्न असा:

"राजकन्या जंगलात हरवली, तवा महिना कुठला हुता?"

"बाई, गोष्टीत महिना नसतो. एके दिवशी हरवली."

"मग जंगलाला रंग काय लावू? माघात एक असतो, चैतात एक असतो. पळस फुललेला असला तर पोरगी भिणार नाय. सागाची पानं गळून पडलेली असली तर पायाखाली वाजतील, मग भिईल."

मी महिना लिहून द्यायला शिकलो. खरं सांगायचं तर त्यामुळे माझ्या गोष्टी सुधारल्या, पण हे मी त्यांना तेव्हा कबूल केलं नाही.

एकदा मी राजकन्येच्या लग्नाचं वर्णन लिहिलं. पांढराशुभ्र पायघोळ पोशाख, पांढरी फुलं, सगळं कसं दुधात न्हायलेलं. मला ते फार काव्यमय वाटत होतं. बाईंनी काही न बोलता लिहिल्याप्रमाणे चित्र काढलं, फलकावर लावलं आणि मला म्हणाल्या, "या, बगा गंमत." सहावीच्या पोरी फलकासमोर उभ्या होत्या. चित्र बघून त्यांचे चेहरे उतरले. एक दुसरीला हळूच म्हणाली, "गं, हिचं कोण गेलं?" माझं काव्य त्या दिवशी पोशाखासकट परत घेतलं मी. दुसऱ्या चित्रात राजकन्या हळदीची पिवळी साडी नेसली आणि पोरींनी फलकाखाली नाचून घेतलं.

फलक हा बाईंचा परीक्षक होता. चित्र लावायचं, गोष्ट सांगायची नाही, आणि पोरांना विचारायचं, "ह्यात वाईट कोण हाय?" पोरांनी रंगावरून ओळखलं तर चित्र नापास, परत काढायचं. डोळे बघून, हात बघून, उभं राहणं बघून ओळखलं तर पास. चाळीस पोरांपुढे स्वतःचं चित्र असं ठेवायला छाती लागते. माझी गोष्ट मी कधी अशी ठेवली नसती.

मग पुस्तक ठरलं. मुंबईच्या एका प्रकाशकांना माझी एक गोष्ट आवडली. गावाचं पाणी चोरून घाटावर नेणारी राक्षशीण आणि ते परत आणणारी राजाची मुलगी. मुलीची आई वारलेली आहे आणि ती अडचणीच्या वेळी विहिरीच्या काठावर दिसते, वाट सांगते, अशी गोष्ट. चित्रं ठोंबरेबाईंचीच हवीत, असं मी कळवलं आणि प्रकाशक हो म्हणाले. बाईंच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. तीस वर्षांत त्यांचं एकही चित्र छापलं गेलं नव्हतं.

राजकन्येसाठी त्यांनी वनिताला बसवलं. वनिता सहावीतली, डोंगरावरच्या वाडीतून चालत येणारी, काळीसावळी, भुवया जाड, आणि ऐकताना मान जराशी तिरकी ठेवायची सवय. वर्गातल्या नाटकात तिला कायम झाडाचं काम मिळायचं. बाई तिला म्हणाल्या, "वनिते, उद्यापासनं मधल्या सुट्टीत माझ्यापुढं बसायचं. तू राजाची पोरगी हायस." वनिताला वाटलं चेष्टा आहे. ती म्हणाली, "बाई, मी झाड हाय."

"औंदा नाय. औंदा तू पुस्तकात येणार. बाईचा शब्द हाय."

दोन महिने वनिता बसली. बाईंनी राक्षशीण श्रीखंडी रंगाची काढली, नाजूक, गोड, हसरी. फक्त तिचे हात असे होते की वस्तू दिसली की ती उचललीच जाईल. पोरांनी फलकावर पाहताक्षणी बोट ठेवलं, "ही! हिचे हात बगा." राक्षशीण पास झाली.

आईचं चित्र मात्र मला समजलं नाही. विहिरीपाशी उभी बाई, हिरवंगार लुगडं, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू. मी म्हणालो, "बाई, ही नवरी दिसते. मेलेली आई अशी कशी?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमी मयताला गेला नाय का कधी?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. नवरा असताना गेलेल्या बाईला हिरवं नेसवतात, चुडा भरतात, मळवट भरतात. दहा वेळा मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. कागदावर ते मला ओळखता आलं नाही, कारण गोष्टीतली आई म्हटली की माझ्या डोक्यात धुरकट पांढरी आकृती यायची, कुठल्या तरी परक्या पुस्तकातली.

"माझी आई गेली तवा मी अकराची," बाई रंग कालवत म्हणाल्या. "सकाळी उठले तर अंगणात बायका जमलेल्या, आईला हिरवं लुगडं, हातभर चुडा. मला वाटलं आईचं परत लगीन हाय. मी शेजारच्या घरी पळत जाऊन सांगून आले, आमच्याकडं लगीन हाय म्हणून. ती बाय मला पोटाशी धरून रडाय लागली. तवा कळलं." त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. "तवापासनं माझ्यासाठी हिरवा दोन्हीकडचा हाय. लग्नाचाबी, जायचाबी."

ते चित्र फलकावर लावलं तेव्हा पोरं हळूहळू जवळ सरकली. शेवटी मागून एकजण म्हणाला, "ही देवाघरनं आलीय." मला त्या क्षणी बाईंचा हेवा वाटला. मी पाच पानं लिहून जे करू शकलो नव्हतो ते त्यांनी एका लुगड्याने केलं होतं.

आता लाजेची गोष्ट.

चित्रं मुंबईला गेल्यावर महिन्याभराने मला प्रकाशकांचा फोन आला. माणूस चांगला होता, हे आधी सांगतो. म्हणाला, "सर, चित्रं अप्रतिम आहेत. एकच अडचण. राक्षशीण गोरी आणि राजकन्या काळी, वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. मुखपृष्ठावर तर पालक पुस्तक उचलणारच नाहीत. राजकन्या जरा उजळ करू. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम आहे, चित्राला धक्का लागत नाही. बाईंना तुम्ही सांगाल का?"

मी कर्जतच्या बाजारात भाजी घेत उभा होतो. मुखपृष्ठावर माझं नाव कसं दिसेल याचा विचार मी त्या महिन्यात दिवसातून दहादा करत होतो. मी म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. बाईंना सांगतो मी."

सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो. मग मनाची समजूत घातली की थोडंसंच उजळ करतील, कुणाच्या लक्षातही येणार नाही. स्वतःला फसवायला मला कधीच फार वेळ लागत नाही.

एप्रिलच्या शेवटी एका शुक्रवारी पुस्तकं आली. शाळेसाठी म्हणून दोन खोकी, पाचवी ते सातवीच्या प्रत्येक मुलाला एक प्रत पुरेल इतकी. बाई त्याच महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. त्यांनी स्वतः खोकं उघडलं नाही. वर्गात सगळ्यांसमोर वनिताला पुढे बोलावलं आणि कात्री तिच्या हातात दिली. "तुझं पुस्तक हाय. तूच काढ."

वनिताने वरचं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर एक गोरी मुलगी होती, गाल गुलाबी. वनिताने पान उलटलं. आणखी एक उलटलं. अगदी सावकाश, एकेक पान बोटाने सपाट करत ती शेवटापर्यंत गेली आणि परत पहिल्या पानावर आली. मग मान तिरकी करून तिने विचारलं, "बाई, मी कुठल्या पानावर हाय?"

बाईंनी पुस्तक हातात घेतलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो. एक्सप्रेसवेवरून गाड्या जात होत्या आणि मी त्या मोजत असल्यासारखा उभा होतो.

स्टाफरूममध्ये मी सगळं सांगितलं. फोन, भाजी बाजार, सगळं. बाई पुस्तकातून वर न बघता ऐकत होत्या. राक्षशिणीलाही तिकडे दोन सुळे बसवलेले होते, ओळखू यावी म्हणून.

"म्हंजे तुमाला ठाव हुतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"महिनाभर ठाव हुतं, आन् तुमी माझ्याबरोबर रोज च्या पिलात."

त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं आणि दुपारच्या एसटीने निघून गेल्या. प्रकाशकांना मी फोन केला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या आवृत्तीत बघू असं सांगितलं. पहिली आवृत्ती खपायला किती वर्षं लागतात हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. शनिवार-रविवार माझे कसे गेले ते माझ्या बायकोला विचारा.

सोमवारी बाई आल्या त्या मोठी पिशवी घेऊन. सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, दोन दिस रागात काढले. आता ऱ्हायले चार दिस. रागाला टाइम नाय." त्यांनी टेबलावर एक प्रत उघडली. राजकन्येच्या चेहऱ्यावर तपकिरी रंगाचा पातळ थर होता. खालची रेघ न् रेघ दिसत होती, जाड भुवया, तिरकी मान. वनिताच होती. "गुळगुळीत कागद हाय, पाणी धरीना. मग रंगात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला, तवा बसला. गोरी केली तेच बरं झालं बगा. काळी करून धाडली असती आन् गोरी पायजे असती तर काय बी करता आलं नसतं. ह्या लोकांनी रंग चढवायला जागा ठेवली."

"आणि सुळे?"

"सुळे ऱ्हाऊ दे. पोरांना सुळे आवडतात."

मग मला काम दिलं. "तुमी पाणी बदला."

त्यानंतरचे चार दिवस आमच्या शाळेच्या व्हरांड्यात जे चाललं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. बाई भिंतीला टेकून सतरंजीवर बसलेल्या. पुढे पोषण आहाराच्या स्टीलच्या वाट्या. पोरांची रांग, बाह्या वर सारलेल्या. एकेकाने आपली प्रत उघडून बाईंपुढे ठेवायची आणि चित्राशेजारी आपला हात ठेवायचा. बाई हाताकडे बघायच्या, वाटीत तपकिरी, जरासा पिवळा, सुईच्या टोकाएवढा निळा असं कालवायच्या आणि पहिल्या मोठ्या चित्रातल्या राजकन्येला त्या हाताचा रंग द्यायच्या. "पयला चेहरा माझा, बाकीच्या पानांवरचे तुमचे तुमी करा." पोरं तीच वाटी घेऊन बाजूला बसायची आणि जीभ बाहेर काढून उरलेल्या राजकन्या रंगवायची. मुलगेसुद्धा. दोघा-तिघांनी आधी नाक मुरडलं, राजकन्येला आमचा रंग कशाला म्हणून. मग शेजाऱ्याची झाली तशी आपली का नाही, म्हणून तेही बसले.

पहिल्या दिवशी बाई प्रत्येकासाठी नवी वाटी घेत होत्या. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की इतक्या वाट्या लागतच नाहीत. एकाचा रंग दुसऱ्याला चालत होता. सात वाट्यांत अख्ख्या तीन इयत्ता बसल्या. मग पोरांनी वाट्यांची नातीच जुळवली. "मी न् हर्षदा एका वाटीतले." "ए, तू आमच्या वाटीत नाय, पुढच्या वाटीत जा." सरपंचांचा नातू आणि वाडीवरचा पोरगा एका वाटीत निघाले आणि दिवसभर बरोबर हिंडले. मी बादलीतून पाणी आणत होतो, गढूळ ओतत होतो, परत आणत होतो. बाई माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या.

वनिताची प्रत त्यांनी सगळ्यात आधी केली होती आणि ती पूर्ण स्वतः केली होती, एकही पान तिच्यावर न सोडता. वनिताने ती वाळल्यावर पुन्हा पहिल्यापासून पानं उलटली. या वेळी ती मोजत होती. मोजून झाल्यावर ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी म्हणाली, "सोळा पानांवर हाय मी! एका पानावर तर दोनदा!" दोनदा म्हणजे एकदा विहिरीबाहेर आणि एकदा विहिरीतल्या पाण्यात. तिला हसताना मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुढच्या पोराला म्हणाल्या, "हात धुवून ये आधी, ह्यो रंग तुझा हाय का चिखलाचा?"

चौथ्या दिवशी दुपारी निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. माझं भाषण मी लिहून नेलं होतं आणि ते चांगलं होतं, पण वाचताना मला मध्येच थांबावं लागलं. संध्याकाळी त्यांची पिशवी घेऊन मी खालापूरच्या स्टँडपर्यंत गेलो. दोन दिवसांनी त्या मुलाकडे शेलूला राहायला जाणार होत्या, नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. "तिथं भिंती पांढऱ्याधोप हायत म्हणं," त्या म्हणाल्या. "बगू किती दिस ऱ्हातात."

एसटीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. माझ्या बगलेत माझी प्रत होती. सगळ्या शाळेच्या प्रती झाल्या, माझी तशीच कोरी होती. मागायचं धाडस मला चार दिवसांत झालं नव्हतं.

"आणा इकडं," बाई म्हणाल्या. "न् हात पुढं करा."

मी नेहमी लांब बाह्यांचा शर्ट घालतो. बटण काढून बाही कोपरापर्यंत सारली आणि हात चित्राशेजारी ठेवला. माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी स्थळांना पाठवलेल्या कागदावर 'वर्ण: गव्हाळ' असं लिहिलं होतं आणि मी ते आजवर खरं धरून चाललो होतो. मला वाटलं, बाई आता रंग कालवतील. जरा पिवळा जास्त घालतील.

बाईंनी पिशवीतून झाकणाची एक छोटी बाटली काढली. तळाशी थोडा रंग उरला होता. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि काहीही न मिसळता ब्रश तसाच आत बुडवला.

"हा कुणाचा रंग?" मी विचारलं.

"वनिताचा."

राजकन्येच्या कपाळावरून, गालावरून, गळ्यावरून ब्रश फिरला. पाच मिनिटांचं काम. पुस्तकात वनिता परत आली आणि शेजारी माझा हात होता, आणि दोघांमध्ये तसूभरही फरक नव्हता. मी एवढंच म्हणालो, "बाई, माझं चुकलं."

"व्हय, चुकलं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर पाणी भराय लावलं." आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

तेवढ्यात कर्जतची गाडी लागली. त्यांनी ब्रश झटकला, रुमालात गुंडाळला, उघडं पुस्तक माझ्या दोन्ही हातांवर ठेवलं. "वाळल्याबिगर मिटू नका. चिकटलं तर पोरीचा चेहरा फाटंल." पिशवी घेऊन त्या गर्दीतून वर चढल्या आणि खिडकीपाशी जागा मिळवली. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. बोटं तपकिरी झालेली होती. मला उलट हात हलवता आला नाही. माझे दोन्ही हात पुस्तकाखाली होते, आणि रंग अजून ओला होता.